डाव्या प्रकाशाचा खड्डा

त्या प्रयोगशाळेत मॅडमना सगळे नुसतंच मॅडम म्हणत. पूर्ण नाव आणि पदव्यांची रांग दारावरच्या पाटीवर होती, पण ती पाहुण्यांसाठी. आतल्या माणसांना एवढं पुरे होतं की मॅडम आल्या म्हणजे दिवस सुरू झाला आणि मॅडमचा चष्मा कपाळावर चढला म्हणजे आता कुणाची तरी खैर नाही.

त्यांचं काम काचेवरचं. नखाएवढा काचेचा तुकडा घ्यायचा आणि त्यावर सिलिकॉनचे खांब उभे करायचे, इतके बारीक की केसाच्या रुंदीत शंभरेक सहज ओळीने उभे राहावेत. प्रकाश पुढे जाताना झुलत जातो. कधी उभा झुलतो, कधी आडवा, कधी स्क्रूसारखा डावीकडे किंवा उजवीकडे पीळ घेत. खांबांचा आकार आणि त्यांची तोंडं नीट ठरवली, की आत शिरलेला प्रकाश बाहेर पडताना आपल्याला हवा तसा झुलत निघतो. ज्या कामाला पूर्वी मुठीएवढे स्फटिक लागायचे, ते मॅडमच्या काचा करत. वीस वर्षं त्यांनी त्यात घालवली होती आणि त्या विषयात जगभर त्यांचा शब्द चालायचा.

एका गोष्टीशी मात्र त्यांचं हाडवैर होतं, ती म्हणजे रेझोनन्स, अर्थात अनुनाद. ठरावीक एका रंगाचा प्रकाश खांबांमध्ये अडकून बसतो, तिथल्या तिथे घुमत राहतो, आणि पलीकडे पोचतच नाही. आलेख काढला, की सरळ चाललेली रेघ त्या रंगापाशी धपकन खाली पडते. मॅडम त्याला खड्डा म्हणत. "खड्डा रस्त्यातला असो की आलेखातला, तो बुजवलाच पाहिजे," हे वाक्य नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळायचं. त्यांच्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं खड्डे बुजवण्यावरच डॉक्टर झाली होती.

आणि मग आली वकीलबाई.

ती काही कायदा शिकलेली नव्हती. पीएचडीसाठी आलेली, अंगकाठीने किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. मुलाखतीतच तिने मॅडमना उलटे इतके प्रश्न विचारले, की बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "ही शिकायला आली आहे की उलटतपासणी घ्यायला?" तेव्हापासून ती वकीलबाई. तिलाही ते आवडलं असावं, कारण तिने आपल्या कपावर तेच नाव लिहून घेतलं.

सोमवारच्या बैठकीत ती आलेख घेऊन उभी राहिली. भिंतीवरच्या पडद्यावर रेघ उमटली आणि खोलीतली चुळबुळ थांबली. रेघेत एवढा खोल खड्डा त्या खोलीत कुणी पाहिला नव्हता.

"ही कुठली काच?" मॅडमनी विचारलं.

"ढगोबांनी बाद केलेली."

ढगोबा म्हणजे कोरीवकामाच्या यंत्रावरचे तंत्रज्ञ. धूळ चालत नाही अशा खोलीत डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात वावरायचे, आणि अंगाने भरदार, म्हणून ढगोबा. ते कोपऱ्यातून म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी पकड ढिली झाली होती. काच यंत्रात कलती बसली आणि सगळे खांब एका अंगाला झुकले. मी टाकूनच देणार होतो."

"मग टाकायची होती."

"मीच मागून घेतली," वकीलबाई म्हणाली. "मॅडम, मला हा खड्डा बुजवायचा नाहीये. मला तो आणखी खोल करायचाय."

कुणीतरी खुर्चीतल्या खुर्चीत खोकलं. मॅडमचा चष्मा कपाळावर चढला.

"अगं, ही चूक आहे. चुकीचा कसला अभ्यास करतेस?"

"चूक असेल तर ती सगळ्यांशी सारखीच वागायला हवी ना?" वकीलबाईने दुसरा आलेख लावला. "हा डावा पीळ घेतलेला प्रकाश. त्याला खड्डा आहे. आणि हा उजवा. बघा, रेघ सरळ. त्याच काचेतून, त्याच जागेतून. डावा अडकतो आणि उजवा बिनदिक्कत निघून जातो. असं का?"

"मोजणीत गडबड असेल. परत मोज."

"तीनदा मोजलं."

"मग चौथ्यांदा मोज," मॅडम म्हणाल्या आणि बैठक संपली.

घरी जाताना त्यांचं डोकं भणभणत होतं. पोरगी सगळ्यांसमोर उलट बोलली, याचा राग होताच. पण खरं सलत होतं ते निराळंच. त्या दुसऱ्या आलेखाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

मॅडमचा नवरा गाडी शिकवायचा. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत नवशिक्यांच्या शेजारी बसून शहर पालथं घालायचा, आणि तरी स्वभावाने थंड. तो भाजी चिरत होता. मॅडमनी सगळं सांगितलं, हातवारे करून सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "वीस वर्षं मी जे बुजवत आले, ते हिला खोल करायचंय!"

"तिचं चुकत असेल तर?" त्याने विचारलं.

"तर चूक दाखवीन."

"आणि बरोबर असेल तर?"

मॅडमनी ताटातला भाजीचा एक तुकडा उचलला आणि परत ठेवला.

"माझ्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो," तो सुरी बाजूला ठेवत म्हणाला. "पहिले काही दिवस सारखा लागतो. नंतर पाय तिथेच असतो, पण दाबायचा नसतो. तेवढं जमायला मला फार वर्षं लागली. शिकणाऱ्याने नीट वळण घेतलेलं असतं आणि आपण उगाच घाबरून ब्रेक मारतो. मग तो माझ्याकडे असा बघतो ना, की विचारू नकोस."

"म्हणजे मी घाबरले म्हणतोस?"

"मी कांदा चिरतोय," तो सुरी पुन्हा उचलत म्हणाला. "बाकी तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलबाई यायच्या आधीच मॅडम मोजणीच्या टेबलापाशी पोचल्या. चूक शोधायचीच असं ठरवून आल्या होत्या, आणि चूक कशी शोधायची हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःच्या हाताने लेझर लावला नव्हता. अंधार केला, आरसे जुळवले, प्रकाशाला पीळ देणारी पट्टी मार्गात ठेवली आणि तिच्या पुढे ती कलत्या खांबांची काच बसवली.

पहिला संशय प्रकाशावरच. पीळ पुरता गोल नसेल, थोडा चेपलेला असेल, तर असले भास होतात. तसं असेल तर काच जागच्या जागी फिरवली की खड्डा कमी-जास्त व्हायला हवा. त्यांनी काच फिरवली. पाव फेरी, अर्धी फेरी. खड्डा ढिम्म हलला नाही.

दुसरा संशय पट्टीवर. कपाटातून दुसरी पट्टी काढून लावली. खड्डा होता तिथेच.

मग त्यांनी खरा फास टाकला. काच उलटी केली, प्रकाश मागून पुढे सोडला. नुसत्या सपाट नक्षीची करामत असती, तर मागून पाहताना डाव्याचं उजवं झालं असतं. स्क्रूचं तसं नसतं. तो कुठल्याही टोकाकडून बघा, पीळ तोच राहतो. मॅडम पडद्याकडे टक लावून बसल्या. रेघ सरकत सरकत त्या रंगापाशी आली आणि पुन्हा धपकन खाली पडली. डाव्यालाच. उजव्याची रेघ सरळच्या सरळ.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. काय घडलं असणार ते आता लख्ख दिसत होतं. खांब आधीच लांबट होते, तोंड तिरपं करून उभे होते. त्यात ते एका अंगाला कलले, आणि त्या बिचाऱ्या बाद काचेत आपोआप डाव्या-उजव्याचा भेद आला. आपल्या दोन हातांसारखा, एकाचा हातमोजा दुसऱ्याला न बसणारा. डाव्या पिळाचा प्रकाश त्या खांबांत बरोब्बर बसत होता, म्हणून आत घुमत राहत होता. उजव्याला तिथे जागाच नव्हती.

दार उघडलं. वकीलबाई कप घेऊन आत आली आणि मॅडमना टेबलाशी बघून जागीच थबकली.

"मॅडम, मी चौथ्यांदा मोजणारच होते..."

"मी मोजलं," मॅडम म्हणाल्या. "फिरवून पाहिलं, पट्टी बदलली, काच उलटी केली."

"मग?"

"मग काय! चूक सापडायला हवी होती, ती सापडली नाही. तुझं बरोबर आहे." हे म्हणताना जीभ जरा जड झाली, पण म्हणून झाल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं. "बस इथे. आता मला सांग, तू न्यायाधीश असतीस तर एवढ्या पुराव्यावर निकाल दिला असतास?"

वकीलबाईने कप टेबलावर ठेवला. "नसता दिला. आरशातली काच हवी, म्हणजे हिचंच आरशातलं रूप. नक्षीही उलटी आणि कलही उलटा. तिच्यात खड्डा उजव्या प्रकाशाला पडला, तर मग कुणीच काही बोलू शकणार नाही."

"आणि तिचा उपयोग काय, हेही सांग. लोक तेच पहिलं विचारतील."

"औषधं," वकीलबाई म्हणाली. ती वाटच पाहत असावी, कारण पुढचं सगळं एका दमात आलं. औषधांच्या कितीतरी रेणूंनाही डावं-उजवं असतं. घटक तेच, जोडणी तीच, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. एक गुण देतं, दुसरं नुसतंच पोटात जातं, कधी अपायही करतं. ते ओळखायला आज मोठाली यंत्रं लागतात आणि औषधही बरंच खर्ची पडतं. पण प्रकाश जिथे अडकून घुमतो, तिथे तो त्याच रेणूला पुन्हा पुन्हा भेटतो. "मॅडम, एका भेटीत माणूस कळत नाही. हजार भेटींत कळतो. तुम्ही ज्याला खड्डा म्हणता ना, तिथे त्या भेटी होतात. मग एक थेंबही पुरेल."

मॅडमनी चष्मा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "कोरायच्या यंत्राची वेळ हवी ना?" त्या म्हणाल्या. "या महिन्याची माझ्या कामाची सगळी वेळ तू घे."

"आणि तुमच्या काचा? पुढच्या परीक्षण समितीपुढे तुम्ही त्याच दाखवणार होता."

"माझ्या काचा वीस वर्षं दिसतायत सगळ्यांना. आता जरा दम खाऊ देत."

आरशातली काच काही सुखासुखी झाली नाही. चुकून कलणं एकवेळ सोपं, मुद्दाम कलवायचं म्हणजे ढगोबांची परीक्षाच. पहिल्या खेपेला खांब इतके झुकले की एकमेकांवर आडवे पडले. मोठं करून पाहिलं तर वारा लागलेल्या शेतासारखं दिसत होतं. वकीलबाईचा चेहरा उतरला. ढगोबा मात्र इरेला पेटले. "ती ढिली पकड मी नीट केली तेव्हा मला शाबासकी मिळाली होती," ते पोशाखाच्या आतून गुरगुरले, "आणि आता तीच नेमकी परत ढिली करतोय. असली नोकरी कुणाला सांगून पटणार नाही." त्यांनी काच बसवण्यासाठी स्वतः एक कलती बैठक घडवली, खांब थोडे आखूड धरले, आणि पुन्हा कोरायला घेतलं.

मोजणीच्या वेळी तिघंही टेबलाभोवती उभी होती. आधी डावा प्रकाश. रेघ सरळ गेली. मग उजवा. रेघ चालत आली, चालत आली, आणि त्याच रंगापाशी खोल बुडाली. ढगोबांनी टाळी वाजवली. वकीलबाई पडद्याजवळ जाऊन त्या बुडालेल्या रेघेवरून बोट फिरवू लागली. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

समितीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. अध्यक्ष म्हणजे मॅडमच्या बरोबरीचे, नावाजलेले आणि तितकेच खवचट. मॅडम व्यासपीठावर न जाता खाली पहिल्या रांगेत बसल्या, तसं त्यांनी विचारलं, "काय मॅडम, आज प्रेक्षकांत?"

"आज ऐकायला आले आहे," मॅडम म्हणाल्या.

वकीलबाईने विषय मांडला. अध्यक्षांनी हात वर केला. "आलेख सुंदर आहेत. पण आलेख तुम्ही काढलेत. आम्ही आमच्या बाटल्या दिल्या तर?"

औषधांच्या प्रयोगशाळेतल्या एक रसायनतज्ज्ञ बाई समितीवर होत्या. त्यांनी पिशवीतून तीन छोट्या बाटल्या काढल्या, लाल, निळ्या आणि पिवळ्या टोपणाच्या. कुठल्या बाटलीत काय, ते फक्त त्यांना माहीत. मॅडम खुर्चीच्या कडेला सरकल्या. स्वतःच्या परीक्षांनाही त्या अशा कधी बसल्या नव्हत्या.

मोजणीचं टेबल सभागृहातच आणलेलं होतं. वकीलबाईने डावा प्रकाश अडवणाऱ्या डाव्या काचेवर आणि उजवा अडवणाऱ्या उजव्या काचेवर लाल बाटलीतला एकेक थेंब सोडला. थेंबातल्या रेणूंमुळे दोन्ही खड्डे जागचे हलून शेजारच्या रंगाकडे सरकले, पण डाव्या काचेतला जास्त सरकला. "लाल बाटलीत डावं," ती म्हणाली. निळ्या बाटलीला उजव्या काचेतला खड्डा जास्त सरकला. "निळीत उजवं." रसायनतज्ज्ञ बाईंच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

पिवळ्या बाटलीला मात्र दोन्ही खड्डे सारखेच सरकले.

वकीलबाईने भुवया उंचावल्या. काचा धुतल्या, सुकवल्या, पुन्हा थेंब टाकला. पुन्हा तेच. सभागृहात कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष पुढे वाकले. "काय झालं? अडकलं का काही?"

तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमना उत्तर दिसत होतं. अगदी ओठांवर आलं होतं. एक शब्द पुरला असता, नुसती खूण पुरली असती. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले आणि तिच्याकडे फक्त बघत राहिल्या.

वकीलबाईने मान पडद्याकडे वळवली. खांदे सरळ केले. "काही अडकलेलं नाही, सर," ती म्हणाली. "काचांनी साक्ष नीट दिली आहे. ही बाटली कुणाच्याच बाजूची नाही. हिच्यात डावं आणि उजवं निम्मं-निम्मं मिसळलेलं आहे."

सगळ्या माना रसायनतज्ज्ञ बाईंकडे वळल्या. त्या आता हसत होत्या. "मी स्वतः मिसळलंय," त्या म्हणाल्या. "फसते का ते बघायला. आणि मला ही काच आमच्याकडे हवी आहे, तेवढं आधी लिहून घ्या."

टाळ्या थांबल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "ही मूळ कल्पना कुणाची? मॅडम, तुमचीच असणार."

"हो, मॅडमच्याच..." वकीलबाईने सुरुवात केली.

"नाही," मॅडम उभ्या राहिल्या. "माझी नाही. मी तर हिला हा खड्डा बुजवून टाकायला सांगत होते. वीस वर्षांत असे कितीतरी खड्डे माझ्या डोळ्यांसमोरून गेले आणि मी एकातही डोकावून पाहिलं नाही. हिने पाहिलं. माझ्याशी भांडून पाहिलं. आणि काच घडवली आमच्या ढगोबांनी." एवढं सगळं त्या ताठ मानेने बोलल्या. तिच्याबद्दल वाटणाऱ्या अभिमानात कमीपणाचा लवलेश नव्हता. उलट स्वतःच्या पहिल्या शोधाच्या दिवशीही ऊर असा भरून आला नव्हता. तेव्हा आनंद झाला होता, पण तो एकटीचा होता आणि त्यात धाकधूकच जास्त होती.

ढगोबा शेवटच्या रांगेत होते, नेहमीच्या कपड्यांत. त्यांना तसं कुणी ओळखलंच नाही, म्हणून त्यांनी स्वतःच हात वर करून सगळ्यांना दाखवला.

त्या वर्षाच्या अखेरीला त्यांच्या विषयातली मोठी परिषद भरली. दूरदूरची माणसं आली होती आणि उद्घाटनाचं भाषण वकीलबाईचं होतं. मॅडम गर्दीत बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर एक अनोळखी प्राध्यापक. भाषण रंगात आलं तसे ते कुजबुजले, "फारच तयारीची मुलगी आहे. कुणाकडे शिकली?"

"माझ्याकडे," मॅडम म्हणाल्या. इतक्या मोठ्याने, की पुढच्या रांगेतले दोघं मागे वळले. मॅडमना जरासुद्धा संकोच वाटला नाही.

भाषण संपलं. प्रश्न सुरू झाले. एकाने सोपा विचारला, दुसऱ्याने प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचंच भाषण केलं. मग मॅडमनी हात वर केला. व्यासपीठावरून वकीलबाईने तो हात पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आणि भीती एकदमच उमटली.

"खांब कलते ठेवून हा अनुनाद आणखी तीक्ष्ण करत गेलं," मॅडमनी विचारलं, "तर एक वेळ अशी येईल की प्रकाश इतका वेळ आत राहील की खांबच त्याला गिळून टाकतील. ती हद्द कुठे आहे? आणि तिच्या अलीकडे कुठे थांबायचं, हे आधी कसं ओळखाल?"

वकीलबाईने पाण्याचा घोट घेतला. फळ्याकडे गेली, काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग वळली आणि सावकाश, एकेक पायरी उलगडत उत्तर देऊ लागली.

मॅडम पुढे सरकून ऐकत होत्या. त्यांना ते उत्तर माहीत नव्हतं. म्हणूनच त्यांनी विचारलं होतं.